खासगी आणि दौलत

केडगावी रेणुकामातेच्या दानपेटीपाशी उभे राहिले की आम्हांला चौंडीच्या अहिल्याबाई आठवतात. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या जमाखर्चाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली. ती ‘खासगी’, राज्याचा महसूल ती ‘दौलत’. सासूमागून ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशीविश्वेश्वर, सोमनाथ, घाट, अन्नछत्रे यांचा खर्च तिच्यातून, फौजफाटा दौलतीतून. खासगीतला पैसाही अखेर रयतेच्याच घामाचा, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीही देवाधर्माचा खर्च कोणत्या वहीत मांडावा, हे ठरलेले होते. आज गावोगावच्या सभामंडपांवर आमदारांची नावे झळकतात. निधी असतो सरकारी, म्हणजे दौलतीचा.