सेवाग्रामचा चिमटा

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापू कुटीपुढे वाकतो, चरख्याकडे बघतो आणि निघतो. आश्रमात जपून ठेवलेल्या साप पकडायच्या लाकडी चिमट्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. साप निघाला की मारायचा नाही, चिमट्यात धरायचा आणि लांब रानात सोडायचा, ही तिथली रीत. सापाचं हृदयपरिवर्तन होईपर्यंत मात्र कुणी थांबत नसे.

आपल्याकडे 2 ऑक्टोबर नि 30 जानेवारीच्या व्याख्यानांत एक मत हमखास ऐकू येतं, म्हणून हा चिमटा आठवला. शस्त्रकपात ही मनं जुळल्यावरची गोष्ट, असं ते मत. दहशतवाद सगळ्यांचाच शत्रू, तेव्हा वैऱ्यांनी आधी त्याविरुद्ध एकत्र यावं, विश्वास वाढला की अण्वस्त्रांचं बघता येईल. ऐकायला मोठं समंजस वाटतं. माझ्या मते क्रम नेमका उलटा आहे.

घरचंच उदाहरण घ्या. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत-पाकिस्ताननं 31 डिसेंबर 1988 ला केला. 1992 पासून दर 1 जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. संसदेवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, फौजा सीमेवर समोरासमोर होत्या, तरी 1 जानेवारी 2002 ला याद्या गेल्या. आता दुसरी बाजू. दहशतवादाविरुद्ध संयुक्त यंत्रणा उभारायचं मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांनी सप्टेंबर 2006 मध्ये हवानाला ठरवलं. बैठकाही झाल्या. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यानंतर ती गुंडाळली गेली. हल्ल्याला सव्वा महिना होतो तोच, 1 जानेवारी 2009 ला, याद्या मात्र नेहमीसारख्या पोचल्या.

कारण साधं आहे. अणुभट्टी, क्षेपणास्त्र, सुरुंग मोजता येतात. सेवाग्रामजवळच्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरी केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सदोष माल पडून राहिला तर काय होतं, ते 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर सगळ्या पंचक्रोशीनं पाहिलं. रणगाडाविरोधी सुरुंगांच्या त्या स्फोटात 19 जण गेले. 20 नोव्हेंबर 2018 ला जुना दारूगोळा नष्ट करताना आणखी 6 जण दगावले. व्यासपीठावरून ‘निःशस्त्रीकरण’ हा शब्द फार पवित्र वाटतो. प्रत्यक्षात ते मोजायचं, वाहायचं, जपून नष्ट करायचं काम आहे, आणि त्यात मजुरांचे हात असतात.

रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी 1987 चा क्षेपणास्त्र करार केला तेव्हा त्यांची मनं जुळली होती म्हणावं, तर मग एकमेकांच्या कारखान्यांच्या फाटकावर निरीक्षक कशाला बसवले? विश्वास नव्हता म्हणूनच. त्या अविश्वासातून 1991 पर्यंत 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट झाली.

दहशतवाद्याची अशी मोजदाद होत नाही. एकाचा अतिरेकी दुसऱ्याचा मुजाहिद. भारतानं 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा दहशतवादाच्या व्याख्येपायीच अडकून पडला आहे.

कुणी म्हणेल, डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेनं दिलेल्या माहितीमुळे सेंट पीटर्सबर्गमधला घातपात टळला, पुतिन यांनी फोन करून आभार मानले, त्याचं काय? मान्य. पण मार्च 2024 मध्येही अमेरिकेनं असाच इशारा दिला होता. पुतिन यांना तो धमकीवजा वाटला. 22 मार्चला मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहात 140 हून अधिक माणसं मेली. गुप्त खबर शत्रूही देतो, पण ती खरी मानायला विश्वास लागतो. म्हणजे विश्वासाची खरी गरज, आधी करायचं म्हणून सांगितल्या जाणाऱ्या, दहशतवादाविरुद्धच्या त्या ‘सोप्या’ कामालाच.

आक्षेपाला एक जागा उरते, ती नाकारत नाही. 2010 च्या अमेरिका-रशिया अण्वस्त्र करारातला सहभाग रशियानं फेब्रुवारी 2023 मध्ये थांबवला, पाहणी तर त्याआधीच बंद पडली होती. म्हणजे मोजणीही तुटते. पण संख्येची मर्यादा पाळू, हे रशियानं त्याच वेळी सांगितलं होतं. भांडणातही आकडा टिकला. मैत्रीचं भाषण इतकं टिकलं असतं का?

व्याख्यात्यांना विनंती एवढीच, की पुढच्या खेपेला पाहुण्यांना सेवाग्रामवरून पुलगावलाही न्या. रस्त्यानं तासभर लागतो. आत सोडणार नाहीत, पण फाटकावर नोंद कशी ठेवतात ते तरी दिसेल.