सिनान आणि पिरी रेइस : राजाश्रय व ज्ञान यांचा तुलनात्मक अभ्यास

प्रास्ताविक :
सोळाव्या शतकातील ऑटोमन साम्राज्याच्या सेवेत असलेला वास्तुविशारद सिनान १५८८ मध्ये राजमान्यतेच्या शिखरावर असताना निधन पावला. नकाशाकार पिरी रेइस यास १५५३ मध्ये कैरो येथे देहदंड झाला. दोघांनीही सुलतान सुलेमानाची (कारकीर्द १५२०-१५६६) चाकरी केली. या भिन्न शेवटाची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण :
दोघांचेही ज्ञान लष्करी सेवेत घडले. कायसेरी परिसरातील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला सिनान सक्तीच्या भरतीतून जानिसारी सैन्यात आला. १५३८ च्या मोहिमेत त्याने प्रुत नदीवर पूल बांधला आणि लवकरच तो मुख्य राजवास्तुविशारद झाला. गेलिबोलूचा पिरी रेइस चुलता केमाल रेइस याच्या हाताखाली नौकानयन शिकला. कोलंबसाच्या नकाशासह अनेक साधनांच्या आधारे त्याने १५१३ मध्ये जगाचा नकाशा तयार केला. भूमध्य समुद्रातील बंदरे, प्रवाह व गोड्या पाण्याची ठिकाणे नोंदविणारा 'किताब-ए-बहरिये' हा ग्रंथ त्याने १५२१ मध्ये सिद्ध केला व १५२६ मध्ये वाढविला.

भिन्नता :
सिनानच्या पाठीशी राजवास्तुविशारदांचे स्वतंत्र खाते होते. सुलेमानिये मशिदीचे (१५५०-१५५७) काम लांबले तेव्हा सुलतानाने त्यास खडसावल्याचे त्याने कवी साई मुस्तफा चेलेबीस सांगितलेल्या आत्मवृत्तात नमूद आहे. परंतु त्यास मुदत मिळाली. पुढे एदिर्ने येथील सेलिमिये मशिदीवर त्याने सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट उभारला.

पिरी रेइसच्या नकाशालेखनास असे पद नव्हते. राज्याच्या लेखी तो आरमारी अधिकारीच राहिला. १५५२ मध्ये, गोव्याहून कारभार पाहणाऱ्या पोर्तुगीजांविरुद्ध त्याने मस्कत जिंकले; मात्र होर्मुझचा किल्ला त्याच्या हाती आला नाही. बरेचसे आरमार बसऱ्यास ठेवून तो मोजक्या जहाजांनिशी सुएझला परतला. हाच त्याचा अपराध ठरला. त्याचे मूल्यमापन मोहिमेच्या फलितावरून झाले. चाळीस वर्षांचे नकाशालेखन त्याच्या बचावास आले नाही.

निष्कर्ष :
इमारत नगरात उभी राहून सुलतानाचे वैभव नित्य सांगत होती. नकाशा मात्र राजवाड्याच्या संग्रहात पडून राहिला. त्याचा उपलब्ध तुकडा १९२९ मध्ये तोपकापी राजवाड्यात सापडला. तात्पर्य, विद्वानाचे संरक्षण केवळ त्याच्या गुणवत्तेने होत नाही. त्याच्या विद्येला संस्थात्मक अधिष्ठान आहे की नाही, यावर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.