ढगांच्या कानी पडलेला अंदाज

दहावीची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रांत छापून येई, त्या काळी शाळेच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास ऐकू येत असे : "हा बोर्डात येणार." बोलणारे सर वर्षानुवर्षे गणित शिकवत आलेले, त्यांची नजर तयार झालेली. मुलगा खरोखरच बोर्डात आला की सरांच्या पारखीचे कौतुक होई. पण त्या एका वाक्यामुळे सरांनी त्याला शाळा सुटल्यावर किती वेळा थांबवून घेतले, घरच्यांनी त्याच्यासाठी कोणकोणती कामे स्वतःवर घेतली, याचा हिशेब कोणी मांडत नसे. आणि ज्याच्याबद्दल "काठावर निघाला तरी पुष्कळ" असे म्हटले गेले, त्याचा तर नाहीच नाही.

हा हिशेब मांडू पाहणारे एक अभ्यासक्षेत्र आहे आणि पुढील पाने त्याच्या ओळखीसाठी आहेत. विषय शिक्षणशास्त्राच्या कोपऱ्यातला वाटेल. पण ज्याने कधी प्रगतिपुस्तकावर सही केली किंवा करवून घेतली, त्याचा या विषयाशी आधीच परिचय आहे. हवामान खाते पावसाचा अंदाज देते, तो ढगांच्या कानी पडत नाही. शिक्षकांचा अंदाज विद्यार्थ्याच्या कानी पडतो, पालकांच्या पडतो, कधी प्रवेश देणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसतो. शिवाय अंदाज बांधणारी व्यक्तीच पुढे वर्षभर शिकवणार असते.

वाचकांनी सुरुवात इंग्लंडपासून करावी, कारण तिथे हा अंदाज रीतसर कागदावर उतरतो. तिथली आपल्या बारावीच्या तोडीची 'ए-लेव्हल' परीक्षा मे-जूनमध्ये होते आणि निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. विद्यापीठांचे अर्ज मात्र 'यूकॅस' या संस्थेमार्फत काही महिने आधीच गेलेले असतात. हातात निकाल नाही, म्हणून अर्जासोबत शिक्षकांनी ठरवलेली 'प्रेडिक्टेड ग्रेड' जाते. तिच्याकडे पाहून विद्यापीठ सशर्त जागा देऊ करते. मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांमध्ये मुले असलेल्या पालकांना हा शब्द नवा नाही.

हे अंदाज कितपत खरे ठरतात? गिल वायनेस यांनी २०१६ साली तपासले, तेव्हा उत्तम तीन विषय धरून अवघ्या १६ टक्के अर्जदारांचे अंदाज तंतोतंत उतरले होते. ७५ टक्क्यांच्या बाबतीत अंदाज चढा निघाला. हा आकडा वाचून शिक्षकांना हसू नये. प्रेडिक्टेड ग्रेड लिहिताना शिक्षक भाकीत करतो तशी शिफारसही करत असतो. दार थोडे किलकिले राहावे असे त्याला वाटते. माझ्या मते चिंतेची जागा दुसरी आहे. गरीब घरांतल्या अतिहुशार मुलांना, तेवढेच गुण मिळवणाऱ्या सुखवस्तू मुलांच्या तुलनेत, कमी अंदाज मिळतात असेही या संशोधनातून दिसले. अशी मुले मग स्वतःच्या कुवतीपेक्षा खालच्या अभ्यासक्रमाला अर्ज करून मोकळी होतात.

इथवर अंदाजाच्या अचूकपणाची गोष्ट झाली. या क्षेत्रातली खरी गाठ पुढे आहे, आणि ती सोडवताना तुम्ही घाई करू नये. सर म्हणाले आणि मुलगा पहिला आला. सरांनी ओळखले म्हणून, की सर म्हणाले म्हणून? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली स्वतःलाच खरे करणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली. तिला वर्गात आणले रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि सांगितले, की ही मुले यंदा बुद्धीने झपाट्याने फुलतील असे चाचणीतून दिसते. प्रत्यक्षात सुमारे २० टक्के मुलांची ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेरीस त्या मुलांची बुद्ध्यंकाची वाढ इतरांहून जास्त भरली, मुख्यतः पहिली-दुसरीत. १९६८ साली हे पुस्तकरूपाने आले आणि गाजले.

गाजले तसे झोडपलेही गेले. वापरलेली चाचणी एवढ्या लहान मुलांसाठी भरवशाची नव्हती, हा आक्षेप वजनदार होता. पुढच्या संशोधनाने उत्साहाला बराच लगाम घातला. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ साली साडेतीन दशकांच्या कामाचा आढावा घेतला आणि म्हटले, की शिक्षकांच्या अपेक्षा खऱ्या ठरतात त्या बहुतांशी शिक्षकांना मुले नीट कळलेली असतात म्हणून. अपेक्षेचा स्वतंत्र परिणाम असतो, पण सहसा लहान. 'शिक्षकाने विश्वास ठेवला की मूल घडते' अशी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. ती ऐकताना हा आढावा जवळ असलेला बरा.

लहान परिणाम वेगळा काढायचा कसा, याची मला सर्वांत आवडणारी युक्ती निकोलस पपाजॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आहे. अमेरिकेत २००२ साली दहावीतल्या मुलांच्या एका मोठ्या पाहणीत गणिताच्या आणि इंग्रजीच्या अशा दोन शिक्षकांना विचारले होते : हे मूल कुठपर्यंत शिकेल? मूल एक, शिक्षक दोन, आणि कितीदा तरी उत्तरेही दोन. संशोधकांनी या मतभेदालाच हाताशी धरले. मुलाची कुवत तर तीच; मग एका शिक्षकाची आशा थोडी अधिक असणे हा अंशतः त्या मुलाच्या नशिबाचा भाग. ज्यांच्या वाट्याला अशी आशा आली, त्यांची पदवीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढलेली आढळली.

२०२० साली करोनामुळे इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्या आणि अंदाजालाच निकालाच्या जागी बसवावे लागले. शिक्षकांचे अंदाज चढे असतात म्हणून 'ऑफक्वाल' या नियामक संस्थेने शाळेच्या जुन्या निकालांवर बेतलेले गणिती सूत्र लावले. १३ ऑगस्टला सुमारे ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपेक्षा खाली आल्या. मुले रस्त्यावर उतरली. चारच दिवसांत सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या ग्रेड मान्य झाल्या. आपल्याकडे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा नववीच्या निकालाला ५० आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ५० गुणांचा भार देऊन निकाल लावला गेला. तो ९९.९५ टक्के लागला. त्याआधी २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे गुण बंद केले होते, त्या वर्षी निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला होता. शाळेने द्यायचे गुण आणि शिक्षकांचे भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकांनी इथे विसरू नये. पण शिक्षकाची लेखणी किती उदार असते ते या दोन आकड्यांत दिसते.

ही उदारता सर्वांना सारखी मिळते का, हा प्रश्न भारतीय वाचकाला पडल्यावाचून राहणार नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातच एक प्रयोग केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जातीची माहिती अदलाबदल करून लावली आणि शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. 'खालच्या' जातीचा शिक्का लागलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक बारीक होता, पण गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत तो अधिक होता. हात सरावला, पेपरांचा अंदाज आला, तसतसा तो ओसरत गेला.

या निरीक्षणाशेजारी स्टीफन रॉडनबुश यांचा १९८४ सालचा निष्कर्ष ठेवून पाहा. रोझेन्थालच्या धर्तीवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासून त्यांनी दाखवले, की बाहेरून पेरलेल्या अपेक्षेचा परिणाम होतो तो शिक्षकाची मुलांशी ओळख दोन आठवड्यांहून कमी असेल तेव्हा. ओळख जुनी झाली की परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. वाचकांनी रॉडनबुश यांचा लेख आधी वाचावा आणि मग रोझेन्थालकडे वळावे, असे मी सुचवीन. क्रम उलटा असला तरी.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते. शिक्षक-खोलीत गेल्या वर्षीचे वर्गशिक्षक नव्या बाईंच्या हाती हजेरीपट देतात, तिसऱ्या-चौथ्या नावावर बोट ठेवतात आणि काहीतरी सांगू लागतात. बाईंनी त्या मुलाला अजून पाहिलेलेही नसते.