शेवटच्याचा पहिला मान



लहानपणी हुतुतू किंवा आट्यापाट्या खेळलेल्या प्रत्येकाला भिडू वाटून घेण्याचा प्रकार आठवत असेल. दोन म्होरके समोरासमोर उभे राहत, बाकीची मुले एका बाजूला घोळका करून उभी राहत आणि म्होरके पाळीपाळीने एकेकाचे नाव घेत. पहिली पाळी कोणाची यावरून भांडण ठरलेले. ज्याला पहिली पाळी मिळे तो गावातला दांडगा गडी उचले आणि सामन्याचा निकाल तेथेच अर्धा लागून जाई. पारावर बसलेली थोर मंडळीही गप्प बसत नसत. "अरे, तो नको, हा घे! तो नुसता अंगाने मोठा आहे!" असे सल्ले तेथून फुकट मिळत. हे सल्ले देणाऱ्यांना खेळावयाचे नसे. पण आपला सल्ला न ऐकल्यामुळेच सामना गेला, हे मात्र ते संध्याकाळपर्यंत सांगत राहत.

अंगणातला हाच प्रकार अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलने गेली जवळजवळ नव्वद वर्षे मोठ्या काटेकोरपणाने चालविला आहे. हा फुटबॉल आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळावयाचा, फेकावयाचा आणि पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडावयाचे, असा तो आडदांड खेळ. तेथील महाविद्यालयांतून दरवर्षी जे होतकरू खेळाडू बाहेर पडतात, ते संघांनी पाळीपाळीने वाटून घ्यावयाचे, या रीतीला 'ड्राफ्ट' म्हणतात. तिच्यातील एक नियम मात्र आपल्या अंगणात नव्हता. गेल्या वर्षी जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याची पाळी पहिली. जो विजेता ठरला, त्याची सर्वांत शेवटी.

हा उलटा नियम आला कोठून? त्याचा उगम परोपकारात नव्हता, अडचणीत होता. 1930 नंतरची ती वर्षे अमेरिकेत महामंदीची होती. फिलाडेल्फिया शहरातील ईगल्स या संघाचा मालक बर्ट बेल हा सधन घराण्यातला, पण संघ मात्र दुबळा. मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका नावाच्या बलदंड खेळाडूला आपल्याकडे घेण्याचा त्याने प्रयत्न केला. परंतु मागण्या करणारे अनेक, किंमत चढत गेली आणि कोस्टका ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. बेलच्या ध्यानात आले, की चांगला खेळाडू जिंकणाऱ्याकडे जातो, जिंकणाऱ्याकडे प्रेक्षक जातात, प्रेक्षकांबरोबर पैसा जातो आणि त्या पैशाने पुन्हा चांगला खेळाडू घेता येतो. या चक्रात एकदा मागे पडलेला कायमचा मागे पडावयाचा. म्हणून मे 1935 मध्ये त्याने इतर मालकांपुढे उलट्या पाळीची सूचना मांडली. शिकागो बेअर्सचा जॉर्ज हॅलस आणि न्यूयॉर्क जायंट्सचा टिम मारा हे बलाढ्य संघांचे मालक. त्यांचे या सूचनेने नुकसानच होणार होते; तरी त्यांनी ती मान्य केली. एकतर्फी सामने पाहावयास लोक फार काळ येत नाहीत, आणि समोरचा पहिलवानच उपाशी मेला तर आपली कुस्ती कोणाशी लावावयाची, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली निवड झाली. फळ्यावर 90 नावे लिहिली होती. 9 संघ, 9 फेऱ्या, 81 खेळाडू. पहिले नाव घेण्याचा मान अर्थातच बेलच्या संघाला. कारण 1935 साली 11 पैकी 9 सामने तोच हरला होता. त्याने शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे नाव घेतले. त्या वर्षीचा महाविद्यालयीन खेळाडूंतील सर्वोत्तम म्हणून ज्याचा गौरव झाला होता, तोच हा खेळाडू. गंमत अशी, की हा पहिला निवडलेला वीर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. बेलने त्याच्यावरील हक्क हॅलसला देऊन टाकला. हॅलसशी त्याचे पैशाचे जमले नाही आणि बर्वँगर व्यापारधंद्यात शिरला. त्या काळी शिकलेल्या तरुणाला फुटबॉलपेक्षा नोकरी बरी वाटे. निवडणाऱ्यांनी निवडले, पण निवडलेल्यानेच त्यांना निवडले नाही!

आता प्रश्न असा, की फळ्यावरची ही नावे कोणी कशी जमविली होती? देश खंडप्राय, विद्यापीठे शेकडो, दूरचित्रवाणी नाही. मालकांनी बहुतेक खेळाडूंना पाहिलेच नव्हते. टिम माराचा मुलगा वेलिंग्टन हा तेव्हा महाविद्यालयात शिकत होता. तो गावोगावची वर्तमानपत्रे आणि मासिके मागवून त्यांतून टिपणे काढी, आणि एवढ्यानेच जायंट्स संघ इतरांच्या पुढे राही. पुढे लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने 1946 साली एडी कोटल याला केवळ देशभर हिंडून खेळाडू पाहण्यासाठी पूर्णवेळ नेमले. यावरून एक गोष्ट दिसते. पाळी पहिली मिळाली म्हणजे निवड चांगली होते असे नाही. जो डोळ्यांनी पाहून येतो त्याची निवड चांगली होते.

परंतु पाहावयाचेच नाही असे ज्याने ठरविले असेल, त्याला हिंडून तरी काय उपयोग? 1934 पासून 1945 पर्यंत या व्यावसायिक संघांतून एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाही. तसा नियम कोठे लिहिलेला नव्हता. लिहिण्याची गरजच नव्हती. 1939 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात केनी वॉशिंग्टन हा देशातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक होता. निवडीच्या वेळी त्याचे नाव कोणीही उच्चारले नाही. रॅम्स संघ 1946 साली लॉस एंजेलिसला आला, तेव्हा तेथील कृष्णवर्णीय पत्रकारांनी विचारले, की हे क्रीडांगण सार्वजनिक पैशाचे आहे. वर्णभेद करणाऱ्या संघाला ते कसे देता? मग वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना संघात घेण्यात आले. पाळीच्या निवडीत कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव पुकारले जावयास 1949 साल उजाडावे लागले. तो खेळाडू इंडियाना विद्यापीठाचा जॉर्ज टालियाफेरो, आणि त्याचे नाव आले ते तेराव्या फेरीत.

याच कथेचा पुढचा अध्याय पिट्सबर्ग शहरात घडला. तेथील स्टीलर्स संघ म्हणजे पराभवाची सवय झालेला संघ. त्याच शहरात कृष्णवर्णीयांचे 'पिट्सबर्ग कुरिअर' हे वर्तमानपत्र निघे आणि बिल नन हा त्याचा क्रीडा-पत्रकार. दक्षिणेकडील लहानसहान कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे सामने हा गृहस्थ वर्षानुवर्षे पाहत आला होता आणि त्यांतील उत्तम खेळाडूंची यादी दरवर्षी छापीत होता. त्याच्याच गावच्या संघाने मात्र त्याला कधी काही विचारले नव्हते, याचा त्याला राग होता. तो राग मालकांच्या घराण्यातील डॅन रूनी याच्या कानावर गेला. आपल्याकडील एखादा मालक असता, तर त्याने त्या वर्तमानपत्राची जाहिरात बंद केली असती. रूनीने ननला बोलावून घेतले आणि 1967 पासून कामच दिले.

त्याचे फळ 1974 साली दिसले. त्या एका वर्षाच्या निवडीत स्टीलर्सनी लिन स्वान, जॅक लँबर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर हे चौघे घेतले. चौघेही पुढे त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसले. त्यांपैकी स्टॉलवर्थ हा अलाबामातील एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा. त्याची धाव मोजण्यास निरनिराळ्या संघांचे निरीक्षक गेले, तेव्हा जमीन ओली असल्यामुळे त्याचा वेग कमी भरला. इतर मंडळी निघून गेली. नन मात्र आजारपणाचे निमित्त करून मागे राहिला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जमिनीवर त्याने पुन्हा घड्याळ लावले, असे सांगतात. त्याच वर्षी सर्व फेऱ्या संपल्या तरी ज्याचे नाव कोणीच घेतले नाही, तो साउथ कॅरोलायनाचा डॉनी शेल यालाही स्टीलर्सनी आपल्याकडे घेतले. 2020 च्या यादीत तोही कीर्तिमंदिरात गेला. ज्या संघाने 1972 पर्यंत बाद फेरीतील एकही सामना जिंकला नव्हता, त्याने 1974 ते 1979 या सहा हंगामांत चार वेळा अजिंक्यपद मिळविले. एका टीकाकाराला दारातून आत घेतल्याचे हे मोल!

आतापर्यंत ही निवड बंद दाराआड होई. 1980 साली एका नव्या दूरचित्रवाणी संस्थेने ती जशीच्या तशी दाखविण्याची परवानगी मागितली. बंद खोलीत नावे वाचून दाखविणे कोण पाहणार, असे खुद्द संघटनेचा प्रमुख पीट रोझेल यालाही वाटले. पण लोकांनी ते पाहिले, आणि मग पारावरची मंडळी एकदम राष्ट्रव्यापी झाली. ब्रुकलिनमध्ये एका लहानशा घरात राहून जोएल बुक्सबॉम नावाचा विक्षिप्त, एकलकोंडा माणूस शेकडो खेळाडूंची टिपणे तयार करी. मोठमोठे प्रशिक्षक त्याला दूरध्वनी करीत. बाल्टिमोरचा मेल कायपर दूरचित्रवाणीवर बसून संघांच्या निवडीला गुण देऊ लागला. 1994 साली इंडियानापोलिसच्या संघाने ट्रेंट डिल्फर या खेळाडूला सोडून ट्रेव्ह अल्बर्ट्सला घेतले, तेव्हा कायपरने कडक टीका केली. संघाचा व्यवस्थापक बिल टोबिन संतापला. माझा शेजारी टपालवाला आहे, त्याचा अधिकार याच्यापेक्षा कमी नाही, असे तो सर्वांदेखत बोलला. पुढे काय झाले? अल्बर्ट्स दुखापतींमुळे तीन हंगामांतच निवृत्त झाला. डिल्फर अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघात खेळला खरा. पण तो संघ वेगळा, आणि त्याला निवडणारा पहिला संघ त्याला केव्हाच सोडून बसला होता. म्हणजे व्यवस्थापक चुकला, आणि टीकाकार बरोबर ठरला असेही छातीठोकपणे म्हणता येईना.

याहून बोलका प्रसंग 1999 चा. शहर पुन्हा तेच, बर्ट बेलचे फिलाडेल्फिया. संघ पुन्हा दुबळा, पाळी दुसरी. शहराला हवा होता रिकी विल्यम्स हा टेक्ससचा धावपटू. नभोवाणीवरून त्याच्यासाठी मोहीम चालली, खुद्द महापौर एड रेंडेल यांनी तिला दुजोरा दिला, आणि तीसएक कट्टर पाठीराखे गाडी करून न्यूयॉर्कला निवडीच्या सभागृहात जाऊन बसले. संघाने नाव पुकारले ते डॉनव्हन मॅक्नॅबचे. बावीस वर्षांचा तो मुलगा आयुष्यातील सर्वांत मोठ्या क्षणी व्यासपीठावर आला आणि त्याच्याच गावच्या लोकांनी त्याची हुर्यो उडविली. पुढे याच मॅक्नॅबने संघाला पाच वेळा उपांत्य सामन्यापर्यंत आणि एकदा अंतिम सामन्यापर्यंत नेले. 2013 साली संघाने त्याच्या सन्मानार्थ त्याचा पाच क्रमांक कायमचा राखून ठेवला. विल्यम्सही लेचापेचा निघाला नाही. पण ज्या न्यू ऑर्लीन्सने त्या वर्षीच्या आपल्या सर्व पाळ्या आणि पुढच्या वर्षीच्याही दोन देऊन त्याला घेतले, त्याला तो तीनच हंगाम लाभला.

मग लोकांनी वाद घालूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. जाणते तरी कोठे मोठेसे जाणतात? 2000 साली टॉम ब्रेडी याचे नाव 199 वे आले. त्याच्याच जागी खेळणारे सहाजण त्याच्याआधी निवडले गेले होते, आणि अजिंक्यपदे मिळविली त्याने सात. कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी बऱ्याच वर्षांच्या निवडी तपासल्या. आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या, त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याचा संभव त्यांना सुमारे 52 टक्के आढळला. नाणे उडविले असते तर 50 टक्के मिळाले असते! यांपैकी थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि या सर्व गडबडीत एका माणसाला कोणी विचारीत नाही. तो म्हणजे निवडला जाणारा. आपण कोणत्या गावी, कोणाकडे काम करावे, हे त्याने ठरवावयाचे नाही. जेम्स स्मिथ या खेळाडूला वॉशिंग्टनच्या संघाने 1968 साली निवडले. मानेच्या दुखापतीने त्याचा खेळ एका हंगामातच संपला. खुल्या बाजारात आपल्याला अधिक मोल आणि संरक्षण मिळाले असते, असे म्हणून तो न्यायालयात गेला, आणि 1976 साली न्यायालयाने ही रीत तेव्हाच्या स्वरूपात मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. 1977 मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी करार करूनच ती पुढे चालू ठेवावी लागली. संघासंघांतील समता आणि माणसाचे स्वातंत्र्य यांची तोंडे अशी पुष्कळदा परस्परविरुद्ध दिशांना असतात.

आपल्याकडे 20 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत क्रिकेटपटूंचा लिलाव झाला. 2014 साली फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने देशी खेळाडूंसाठी पाळीची रीत उचलली. तेव्हा हा वाद आता आपल्याही पारावर आला आहे. 2024 साली डेट्रॉइट शहरात तीन दिवसांत 775000 हून अधिक लोक ही निवड पाहावयास जमले. सामना नाही, चेंडू नाही, नुसती नावे ऐकावयास! या गर्दीला वेडी म्हणणे सोपे आहे. पण बर्ट बेलच्या नियमाने हरलेल्या गावाला वर्षातून एक दिवस असा दिला, की त्या दिवशी ते गाव ओळीत पहिले उभे असते. लोक जमतात ते त्या आशेपायी.

त्या आशेने वाद घालावा, अवश्य घालावा. मात्र वाद घालणारे दोन प्रकारचे असतात. एक गाडी करून हुर्यो उडवावयास जातो. दुसरा जमीन वाळेपर्यंत थांबून पुन्हा घड्याळ लावतो. आपण पारावर बसलो असताना यांपैकी कोण आहोत, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आणि ज्याचे नाव आपण घेत आहोत किंवा गाळीत आहोत, तो समोर उभा राहून ऐकतो आहे, हेही ध्यानात ठेवावे. अंगणात शेवटपर्यंत उभा राहिलेला मुलगा एकदा तरी आपण सर्वचजण होतो.