संजाणचा अरब अधिपती

उल्हासनगर कॅम्प ५ मधून अंबरनाथच्या शिवमंदिराकडे निघा. देऊळ सापडणार नाही. शके ८४८ चालू आहे, इ.स. ९२६, देऊळ उभं राहायला अजून १३४ वर्षं आहेत. छावणीचा तर पत्ताच नाही. तेव्हा वेळ न दवडता कल्याणच्या खाडीतून मचवा धरा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला संजाण गाठा.

गावाजवळ नदी आडवी येते. तुम्ही कनवटीला हात घालता, तर नावाडी मान हलवतो. नदी ओलांडणं फुकट. पलीकडे अन्नसत्र, तेही फुकट. बसा पंगतीला. साळीचा भात, त्यावर कालवण, वर तूप; आणि ते वाढताना हात आखडता नाही.

ही सोय संजाणच्या अधिपतीची, मधुमतीची. त्याच्या ताम्रपटात मोहम्मदचं नाव असं कोरलंय. कूळ ताजिकांचं, म्हणजे अरबांचं. राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने संजाण मंडळ त्याच्या हवाली केलं. आता गादीवर तिसरा इंद्र आहे.

तुपाने लगेच विरघळू नका. याच माणसाने आसपासच्या बंदरांचे प्रमुख जिंकून तिथे आपले अधिकारी बसवलेत. बंदर जगतं जकातीवर आणि जकात येते माणसं, माल हलता राहिला तरच. फुकटची होडी आणि भात, मला वाटतं, या हिशेबातही बसतात.

पण पुढचं दान नुसत्या हिशेबाने उलगडत नाही. अन्नय्या नावाच्या ब्राह्मणाने भगवतीची मठिका बांधलीय. डागडुजी, देवीचा नैवेद्य, पंचगौडीय ब्राह्मणांच्या महापरिषदेतल्या नऊ जणांचं जेवण, एवढ्याला पैसा हवा. तो मधुमतीकडे विनंती घेऊन येतो. मधुमती कानाडुक हे गाव आणि देवीहरातली थोडी जमीन तोडून देतो. तेही इंद्राच्या संमतीने. बंदरं घेणारा हा माणूस गाव देताना मात्र वरची परवानगी काढतो.

हुकूम संस्कृतात, तांब्याच्या पत्र्यावर. हे पत्रे पुढे चिंचणीला सापडले, आजच्या पालघर जिल्ह्यात. तिथल्याच दुसऱ्या ताम्रपटात, शके ९५६ मध्ये, शिलाहार राजांचा मांडलिक चामुंडराज एक तेलघाणा दान देतो: भगवतीच्या दिव्यासाठी, आणि मठिकेतल्या अभ्यासकांच्या पायांना चोळायला.