नाव नसलेल्या बायकांची कादंबरी

आम्ही चौघं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘गेंजी मोनोगातारी’ वाचतो, इंग्रजी अनुवादातून. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ५४ प्रकरणं, शेकडो पात्रं आणि बहुतेकांना नावच नाही! बढती मिळाली की माणसाची हाकही बदलते. (व्हेरिएबल्सना अशी नावं दिली तर कोड रिव्ह्यूत धडगत नाही.) दर दोन पानांनी कुणीतरी विचारतं, “आता हा कोण?”

११व्या शतकाच्या सुरुवातीला, आजच्या क्योतोतल्या दरबारात, हा प्रश्न पडत नसावा. तिथेही ही कादंबरी ऐकलीच जायची. सम्राट इचिजो ती वाचून घेत असे, असं लेखिकेनंच रोजनिशीत लिहिलंय. १२व्या शतकातल्या एका चित्रात दासी वाचतेय आणि उकिफुने चित्रं बघत ऐकतेय.

लेखिकेचं खरं नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही. ‘मुरासाकी’ हे तिच्याच नायिकेचं नाव, ‘शिकिबु’ हे वडिलांचं सरकारी खातं. पुढे एका मुलीनं किशोरवयात सगळे खंड मिळवून रात्रंदिवस एकटीनं वाचले आणि तसं लिहूनही ठेवलं. तिलाही इतिहास ‘ताकासुएची मुलगी’ म्हणतो. त्या ताकासुएला आज लोक ओळखतात ते मुख्यतः या मुलीमुळे.