जलप्रलय आणि खडकांची साक्ष

बायबलातील नोहाचा जलप्रलय भूशास्त्रातून बाहेर काढला तो धर्म न मानणाऱ्यांनी, अशी समजूत आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगली होती. वाचीत गेलो तेव्हा कळले की, या कामात पुढे होते ते धर्मोपदेशकच.

१८२१ साली इंग्लंडात यॉर्कशायरमधील कर्कडेल येथे दगडखाणीत एक गुहा उघडी पडली. आत हाडांचा खच. रोगाने मेलेल्या गुरांची असतील असे समजून खाणकामगारांनी ती खडीबरोबर रस्त्यावर पसरली. (दगड फोडणाऱ्यास हाडांचे शास्त्र कोण शिकविणार?) ती निघाली तरस, हत्ती, गेंडा, पाणघोडा यांची! प्रलयाच्या पाण्याने ही जनावरे उष्ण देशांतून वाहत आली, असे म्हणणे सोपे होते. परंतु ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड स्वतः गुहेत शिरले. तिचे तोंड इतके अरुंद की, अख्खा हत्ती आत येणे अशक्य. आणि हाडे चावलेली. फिरत्या प्राणिसंग्रहातील जिवंत तरसापुढे त्यांनी बैलाचे हाड टाकून पाहिले. दातांच्या खुणा जुळल्या. तरसे तेथेच राहत होती व भक्ष्याचे तुकडे ओढून आणीत होती. तथापि हाडांवरचा चिखल प्रलयाचाच, असे बकलंड यांनी १८२३ च्या ग्रंथात लिहिले.

केंब्रिजचे ॲडम सेजविक हेही धर्मोपदेशक आणि त्याच मताचे. परंतु प्रलयाची म्हणून दाखविली जाणारी वाळूखडी एका काळाची नाही, असे त्यांस दिसून आले; तीत माणसाचा खात्रीलायक मागमूसही नव्हता. १८३१ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेचे अध्यक्षपद सोडताना त्यांनी आपले मत भर सभेत मागे घेतले. श्रोतेहो, आमचे उभे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. व्यासपीठावरून ‘मी चुकलो’ म्हणणारा अध्यक्ष आम्हांस क्वचितच भेटला, आणि त्या यादीत आम्ही स्वतःही नाही. पुढे बकलंडही वळले. १८४० मध्ये अगासी यांच्याबरोबर स्कॉटलंड पाहिल्यावर, ते मोठमोठे धोंडे बर्फाच्या प्रवाहांनी आणले हे त्यांनी मान्य केले.

आमचे मन मात्र ह्यू मिलर याच्यापाशी रेंगाळते. स्कॉटलंडमधील क्रोमार्टीचा हा पाथरवट दगड घडविता घडविता भूशास्त्र शिकला. श्रद्धा त्याने सोडली नाही. परंतु नवनव्या प्राण्यांची गणती वाढत चालली, तसे त्या एका तारवात सारे मावणार कसे, हे त्याने हिशेबाने विचारले. प्रलय झाला तो एका मुलखापुरता, असा तोडगा त्याने काढला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८५७ साली, प्रसिद्ध झाला. त्याच्या हिशेबाने नोहाला तारवात फक्त त्या मुलखातली जनावरे घ्यावयाची होती.